पहिल्या दहा मिनिटांच्या पाण्याला गटाराचा वास, टीडीएस मात्र २८०: दोष लाइनचा की हौदाचा?

गावभाग_काठ

सांगलीत गावभागात जुनं घर आहे. नळाला सकाळी दीड तास पाणी येतं. पंधरा दिवसांपासून पाणी सुटल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं गटारासारखा वास येतो, रंग पिवळट असतो. नंतर पाणी स्वच्छ दिसतं आणि वासही जातो.

मांडणी अशी आहे. जोडणी अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची, बहुतेक पंचवीस वर्षांपूर्वीची. रस्त्यापासून मीटरपर्यंत साधारण ३० फूट. मधे घरासमोरचं उघडं गटार आहे आणि पाइप त्यातूनच आडवा जातो. मीटरच्या पुढे अर्ध्या एचपीची मोटर थेट लाइनला लावलेली आहे, कारण दाब कमी असतो. तिथून पाणी जमिनीखालच्या हौदात पडतं (आतून ५ बाय ५ बाय ६ फूट) आणि हौदातून वरच्या १००० लिटरच्या काळ्या टाकीत चढतं. हौद शेवटचा दिवाळीत धुतला होता.

फिल्टर विकणाऱ्याने मीटर बुडवून टीडीएस (विरघळलेले क्षार) २८० दाखवला आणि "पाणी खराब आहे, आरओ घ्या" असं सांगितलं. घरात दोन वर्षांचं मूल आहे आणि वहिनींना सातवा महिना आहे. दोष कुठे आहे हे घरच्या घरी कसं शोधायचं, आणि तो सापडेपर्यंत प्यायचं काय?

नळजोडणी

आधी प्यायचं. आजपासून घरातल्या सगळ्यांनी, वहिनींनी तर नक्कीच, उकळलेलंच पाणी प्यायचं. खळखळून उकळी आली की घड्याळ लावून एक मिनिट, मग झाकून त्याच भांड्यात गार करायचं. दुसऱ्या हंड्यात ओतू नका, त्या हंड्यालाच हौदाचं पाणी लागलेलं असतं. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं वापरा, पेला आत बुडवू नका. दात घासायला, बाळाची बाटली-वाटी विसळायला, कच्ची कोथिंबीर आणि फळं धुवायला तेच पाणी. बर्फ जमवत असाल तर आत्ताचा फेकून द्या.

आता दोष. मोटर चालू असताना लाइनमध्ये ओढ तयार होते. पाइपला सुईएवढं भोक असेल आणि ते गटाराच्या पाण्यात बुडालेलं असेल, तर मोटर नळाच्या पाण्याबरोबर गटारही ओढते. मोटर नसली तरी पाणी बंद झाल्यावर लाइन रिकामी होत जाते आणि तेव्हा बाहेरचं पाणी हळूहळू आत झिरपतं. चोवीस तास पाणी असलेल्या गावात हे सहसा घडत नाही, कारण तिथे दाब कायम आतून बाहेर असतो. आपल्याकडे रोज बावीस-तेवीस तास लाइन बिनदाबाची पडून असते.

एक हिशेब सांगतो, त्यातून बरंच कळतं. १५ मिमीच्या पाइपात दर मीटरला पावणेदोनशे मिलीलीटरच्या आसपास पाणी मावतं. तुमची ३० फुटांची जोडणी म्हणजे दीड-पावणेदोन लिटर. रात्रभर साचलेलं घाण पाणी एवढंच असेल, तर ते मिनिटाभरात निघून जायला हवं. वास दहा मिनिटं राहतोय, म्हणजे मोटर चालू असेपर्यंत नवीन घाण आत येतेय आणि मुख्य लाइनचा दाब चढल्यावर ती थांबतेय. मला तरी हा प्रकार असाच दिसतो. पण नुसत्या तर्कावर खणू नका, खाली दिलेलं करून बघा.

पाणी सुटताच पहिल्या दोन मिनिटांत तीन ठिकाणचं पाणी स्वच्छ काचेच्या बाटल्यांत घ्या: तुमचं, डावीकडच्या घरचं, उजवीकडच्या घरचं. प्रत्येक बाटली अर्धीच भरा, झाकण लावून हलवा आणि झाकण उघडून लगेच वास घ्या. तिन्हीकडे वास आला तर दोष मुख्य लाइनमध्ये आहे, तक्रार गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून करायची. फक्त तुमच्याकडे आला तर दोष टॅपिंगपासून (मुख्य लाइनमधून जोडणी घेतली ती जागा) मीटरपर्यंतच्या तुमच्या तुकड्यात आहे. पाण्याची वेळ गल्लीनुसार बदलते, म्हणून तिन्ही नमुने एकाच सकाळचे हवेत.

दुसरं, मोटर दोन दिवस पूर्ण बंद ठेवा. पाणी कमी येईल, चालवून घ्या. वास येण्याची मिनिटं घड्याळ लावून मोजा. मोटरविना ती कमी झाली तर ओढ कुठून होतेय हे उघड झालं.

तिसरं, पाणी चालू असताना घरातल्या सगळ्या चाव्या आणि हौदाचा कॉक बंद करून मीटरचा काटा बघा. फिरत असेल तर मीटरनंतर गळती आहे. फिरत नसेल तर मीटरच्या अलीकडची गळती नाही असं अजिबात समजू नका. ती मीटरला दिसतच नाही, आणि गटारातला तुकडा नेमका अलीकडेच आहे.

तिन्ही निकाल इथे टाका.

पाणी_तपासणी

नळजोडणीच्या बाटल्यांना क्लोरीनची जोड द्या. वास नाकावर अवलंबून असतो, क्लोरीन आकड्यात मिळतो. नळाच्या टोकाला मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, भारतीय मानक १०५०० मध्ये तसं दिलंय. साथीच्या किंवा पुराच्या दिवसांत ०.५ धरतात. एकाच सकाळी शेजारच्या नळाला ०.४ आणि तुमच्या नळाला शून्य आलं, तर मधल्या ३० फुटांत क्लोरीन खाऊन टाकणारं काहीतरी मिसळतंय.

क्लोरीन मोजायला क्लोरोस्कोप किंवा ओटी (ऑर्थोटोलिडीन) किट मिळतं. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेत तेवढे ओटीचे थेंब टाका, एकदा हलवा आणि दहा सेकंदांच्या आत रंग बघा. फिकट लिंबासारखा पिवळा म्हणजे ०.२ ते ०.५. गडद पिवळा म्हणजे जास्त. रंग आलाच नाही तर शून्य. पाच मिनिटांनी येणारा रंग मोजू नका, तो अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन असतो आणि तो जंतूंवर फार संथ काम करतो. किंबहुना लगेच रंग नाही आणि थोड्या वेळाने भरपूर आला, तर पाण्यात मैला-मूत्र मिसळल्याची शंका आणखी वाढते. ओटीचं द्रावण आम्लात केलेलं आणि विषारी असतं. नळी संडासात ओता, हात धुवा, किट मुलांपासून लांब ठेवा. डीपीडीच्या गोळ्यांचं किट मिळालं तर ते जास्त चांगलं, त्यात रंग गुलाबी येतो.

नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला म्हणून बरेच जण ते टाळतात आणि बोअरचं बिनवासाचं पाणी पितात. औषधाचा हलका वास म्हणजे पाण्यात राखणदार शिल्लक आहे. रोज येणारा तो वास एखाद्या दिवशी अचानक नाहीसा झाला तर काळजी करावी.

जंतूंसाठी एच-टू-एसची बाटली वापरा. आत औषध लावलेली कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरा, पट्टीला बोट लावू नका, झाकण घट्ट करून घरातल्या उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. काळी झाली तर मैलामिश्रित असण्याची दाट शक्यता. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ही बाटली फसवू शकते, म्हणून क्लोरीन शून्य आलेल्या ठिकाणाचंच पाणी त्यात घाला. काळी झालेली बाटली उघडून वास घेऊ नका. ब्लीचिंगचं पाणी घालून तासभर ठेवा, मग ओता.

पक्का निकाल प्रयोगशाळेचाच. जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा, दोन्हीकडे पाणी तपासतात. जिवाणू तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. ती निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन मारतं. ते पांढरे कण बघून लोक बाटली विसळतात आणि नमुना वाया जातो. एरवी नमुना घेताना नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग भरतात. तुम्हाला दोन नमुने लागतील: एक पाणी सुटताच, दुसरा पंधरा मिनिटांनी. तोटीवरची जाळी-रबर काढा, तोटी बाहेरून पुसून ज्योतीने शेकून घ्या (तोटी प्लॅस्टिकची असेल तर स्पिरिटने पुसा), झाकणाच्या आतल्या बाजूला हात लावू नका, वर बोटभर हवा सोडा. बाटली बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोचवा. दुपारी चारला भरून दुसऱ्या दिवशी नेलेल्या नमुन्याला काही अर्थ नाही. अहवालात एकच ओळ बघा: १०० मिलीलीटरमध्ये ई-कोलाय आढळू नये. त्यात "थोडे चालतील" असं काही नाही.

वहिनींबद्दल स्पष्ट लिहितो. मैलामिश्रित पाण्यातून येणाऱ्या काविळींपैकी हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात, बहुधा पाच-सहा. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेल्या दोषाचा परिणाम अजून दिसलाही नसेल. अन्नावरची वासना जाणं, मळमळ, गडद पिवळी लघवी यापैकी काही दिसलं तर "उन्हाळ्याचं असेल" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि पाण्याची ही हकिकत त्यांना सांगा. मुलाला जुलाब झाले तर ओआरएस एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण पाकीट एकाच वेळी.

हौद_धुणी

लाइन दुरुस्त होईपर्यंत हौद धुऊन उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी पडेल. आत्ता एवढंच करा: हौदाकडे जाणाऱ्या पाइपावर टी टाकून एक चावी बाहेर काढा. पहिली पंधरा मिनिटं पाणी अंगणात सोडा, मग हौदाचा कॉक उघडा. खर्च एक टी, एक बॉल कॉक, फूटभर पाइप.

दुरुस्ती झाल्यावर धुण्याची पद्धत अशी. तुमचा हौद १५० घनफुटांचा, म्हणजे ४२०० लिटरचा आहे. आधी उपसा. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप हौदात उतरवू नका, हौदाच्या तोंडाशीही चालवू नका. त्याच्या धुराने आत उतरलेला माणूस मिनिटांत बेशुद्ध पडतो. विजेचा पंप असेल तर माणूस पाण्यात उतरण्याआधी पिन काढा, बटण बंद करणं पुरेसं नाही. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारं बटण) असावा. झाकण उघडून निदान तासभर हवा खेळू द्या, जमलं तर तोंडाशी टेबलफॅन लावा. आत एक उतरला की वर एक जण थांबलाच पाहिजे. आतला माणूस गप्प झाला तर वरच्याने मदतीला उडी मारायची नाही, दोरीने ओढायचं. म्हणून उतरणाऱ्याच्या काखेतून दोरी आधीच बांधलेली हवी.

भिंती आणि तळ कडक ब्रशने घासा. कोपऱ्यात बोटभर जाडीचा चिकट, तपकिरी गाळ असतो. वरून चिखल दिसतो, पण घासला की शेवाळी वास येतो. क्लोरीन सगळ्यात जास्त तिथेच संपतो. डासांसाठीही घासणं महत्त्वाचं: डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी बदललं तर पुन्हा भरल्यावर तीच अंडी फुटतात.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी, बंद पुड्यातली घ्या. उघड्या पोत्यातली, दमट होऊन गोळे झालेली पावडर नुसता चुना उरलेली असते. चांगल्या पावडरमध्ये २५ ते ३३ टक्के क्लोरीन असतो, हिशेब २५ ने करा. दोन मार्ग आहेत. हौद पूर्ण भरून लिटरमागे ५० मिलिग्रॅम: तुमच्या हौदाला ८५० ग्रॅम पावडर, बारा तास ठेवा, मग ओतून द्या. यात चार हजार लिटर पाणी जातं. पाण्याची टंचाई असेल तर दुसरा मार्ग: दहा लिटरच्या बादलीत १० ग्रॅम पावडरची निवळी करून ती लांब दांड्याच्या ब्रशने भिंतींना आणि तळाला लावा, अर्धा तास ओली ठेवा, मग धुऊन उपसा. हे वरूनच करा, ओल्या क्लोरीनमध्ये आत उभं राहू नका. दोन्ही मार्गांत पावडर थेट टाकायची नाही. प्लॅस्टिकच्या मगात थोड्या पाण्यात पेस्ट करा, पाणी वाढवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळी घ्या, खालचा चुना टाकून द्या.

टीसीएल संडास धुण्याच्या अ‍ॅसिडजवळ ठेवू नका. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. रॉकेल, तेल, युरिया यांच्यापासूनही लांब ठेवा, पेट घेते. पत्र्याच्या डब्यात भरू नका, डबा गंजतो.

हौद गळतो का तेही बघून घ्या. काठोकाठ भरा, आत-बाहेरचे कॉक बंद करा, पेन्सिलने रेघ मारा, बारा तासांनी बघा. पाणी उतरलं तर जिथून ते बाहेर जातं तिथूनच पावसाळ्यात आत येणार. आपली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे विटांच्या हौदाचा जोड सुटतो. नदीकाठच्या भागात नदी चढली की जमिनीतलं पाणीही वर येतं. अशा वेळी हौद पूर्ण रिकामा करू नका. बाहेरच्या दाबाने तळ उचलला जातो, प्लॅस्टिकची पुरलेली टाकी तर चक्क वर येते.

पुराचं पाणी हौदात शिरलं तर वरचं सगळं दोनदा करा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. काठाच्या भागात हौदाचं तोंड जमिनीपासून निदान दीड फूट वर बांधावं आणि झाकण रबरी गॅस्केटचं घ्यावं, असं माझं मत आहे. ओव्हरफ्लोच्या पाइपाला खाली वळवून बारीक जाळी लावा. पाली, झुरळं आणि डास तिथूनच आत जातात.

फिल्टर_दुरुस्ती

टीडीएस २८० म्हणजे लिटरमागे २८० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार, मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट. मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा. तुमचा आकडा उत्तम आहे. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, जंतू मोजत नाही. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ टाका, आकडा हजाराने वाढेल. त्याच पाण्यात चमचाभर गटाराचं पाणी टाका, आकडा जेमतेम दोन-तीनने हलेल. कावीळ मात्र त्या चमच्यातून होते. तुमच्या घरी दोष आहे आणि मीटर म्हणतंय २८०, हाच त्याचा पुरावा.

काही विक्रेते दोन ग्लासांत दोन-दोन सळ्या बुडवून वीज सोडतात आणि नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं तसंच राहतं. तो रंग सळीतल्या लोखंडाचा असतो, सळी विरघळते म्हणून. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, सळी विरघळत नाही. पाण्याच्या शुद्धतेशी त्याचा संबंध नाही.

नदीच्या पाण्याला ५ मायक्रॉनचा गाळ फिल्टर, कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) एवढं पुरतं. यूएफ (अतिसूक्ष्म गाळणी) असेल तर आणखी चांगलं. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो, आणि दीड तास पाणी येणाऱ्या घराला ते परवडत नाही. यूव्हीला मात्र स्वच्छ पाणी लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये नदी गढूळ झाली की गाळाच्या कणांच्या सावलीत जंतू वाचतात. त्या दिवसांत बादलीत आधी तुरटी फिरवून पाणी दोन-तीन तास निवळू द्या, वरचं घ्या, मगच फिल्टरमध्ये सोडा. क्लोरीन टाकायचा असेल तरी क्रम हाच: आधी तुरटी, मग क्लोरीन. उलट केलं तर क्लोरीन गाळातच संपतो. यूव्हीचा दिवा निळा दिसतो म्हणून तो चालू आहे असं धरू नका. साधारण वर्षाने त्याची मारक ताकद संपते, उजेड टिकतो. काचेच्या नळीवर क्षाराचा पांढरा थर बसतो, तो सहा महिन्यांनी लिंबाच्या पाण्याने पुसून काढा.

कार्बन क्लोरीन काढून टाकतो, म्हणून फिल्टरचं पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवलं तर त्यात जंतू वाढतात. रोजचं रोज वापरा. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात हे खरं, पण मैलामिश्रित पाण्यावर तो उपाय नाही. गीझरचं गरम पाणी स्वयंपाकाला घेऊ नका, आतल्या टाकीतले आणि पितळी जोडांतले धातू गरम पाण्यात जास्त उतरतात.

तुमच्या घराला फिल्टर दुरुस्तीनंतर. पाइपात गटार येत असताना कुठल्याही फिल्टरवर भरवसा ठेवू नका.

जत_बोअर

मधेच विचारतो. आमच्याकडे बोअर आहे, शेजारी द्राक्षबाग आणि ऊस. टीडीएस १४००. उकळून प्यायलं तर चालेल का?

पाणी_तपासणी

@जत_बोअर, तुमचं उत्तर वेगळं आहे. उकळून जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट दाट होतात. खतं पडणाऱ्या शेताजवळच्या बोअरला नायट्रेट, फ्लोराइड आणि कठीणपणा तपासून घ्या, दोन लिटरच्या स्वच्छ प्लॅस्टिक बाटलीत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, त्यात सूट नाही. फ्लोराइड १, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात नायट्रेटचं पाणी घालू नका, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं. अहवालात यातलं काही जास्त निघालं तर तुमच्याकडे आरओ योग्य आहे. बोअरच्या केसिंगभोवती तीन फुटांचा सिमेंटचा ओटा आहे का तेही बघा. नसेल तर पावसाचं पाणी कडेने थेट खाली उतरतं.

गावभाग_काठ

निकाल टाकतो. एकाच सकाळचे, पाणी सुटल्यावर दोन मिनिटांच्या आतले: डावीकडचं घर क्लोरीन ०.५, वास नाही. उजवीकडचं ०.३, वास नाही. आमचं शून्य, वास आहे. आमचंच पंधरा मिनिटांनी ०.२. हौदात शून्य. मोटर बंद ठेवल्यावर वास तीन मिनिटांतच गेला. मीटरचा काटा स्थिर. हौदाच्या पाण्याची एच-टू-एस बाटली १८ तासांत काळी. प्रयोगशाळेत दोन नमुने दिलेत, अहवाल यायचाय. पाइप बदलायचा तर कसा बदलू, आणि झाल्यावर पाणी प्यायला सुरुवात कधी करू?

नळजोडणी

शंका उरली नाही, दोष गटारातल्या तुकड्यात आहे. मोटरविना तीन मिनिटं राहणारा वास म्हणजे रात्री झिरपलेलं पाणी, त्यात टॅपिंगजवळ मुख्य लाइनमध्ये उलटं गेलेलंही थोडं असणार. मोटरमुळे वाढणारी सात मिनिटं म्हणजे ताजी ओढ. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी काम थांबवू नका. आधी वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या, रस्ता खणायची आणि मुख्य लाइन बंद करायची परवानगी लागते. अर्जात क्लोरीनचे हे तीन आकडे घाला. मुख्य लाइनमध्ये उलटं जाणारं गटाराचं पाणी पुढे दुसऱ्याच्या घरी पोचू शकतं, म्हणून प्रकरण तातडीचं धरलं जावं.

जुन्या पाइपाला क्लॅम्प किंवा एम-सील लावून घेऊ नका. एका ठिकाणी भोक पडलं म्हणजे गटारातला सगळा तुकडा आतून बाहेरून गंजलाय, पुढच्या महिन्यात शेजारी दुसरं पडेल. टॅपिंगपासून मीटरपर्यंत पूर्ण ३० फूट २० मिमीचा निळा एमडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप टाका, एकाच तुकड्यात, मधे एकही जोड नको. जुनं फेरूल (मुख्य लाइनवर जोडणी घेणारा पितळी तुकडा) काढून सॅडलसह (ते धरणाऱ्या पट्ट्यासह) नवीन बसवा, नाहीतर जुन्या फेरूलचा बसका भाग दाब खाऊन टाकतो आणि पुन्हा मोटर लावावीशी वाटते. गटार ओलांडताना पाइप गटाराच्या तळातून न्यायचा नाही, वरच्या कडेने न्यायचा, आणि दोन इंची जीआय पाइपाच्या बाहीतून. बाही गटाराच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन फूट पुढे असावी, टोकं सिमेंटने बुजवलेली. खणलेला चर बुजवण्याआधी पाणी सुटू द्या, दोन्ही टोकांच्या जोडांना कोरडं फडकं गुंडाळा आणि पाच मिनिटांनी हात लावून बघा. फडकं ओलसर लागलं तर तिथेच थांबा.

मीटरनंतर एनआरव्ही बसवा, म्हणजे घरातलं पाणी उलटं लाइनमध्ये जाणार नाही. आणि थेट लाइनवरची मोटर कायमची काढा. हौद जमिनीखाली आहे, पाणी आपल्या उताराने त्यात पडतं, मोटर फक्त हौदातून वर चढवायला ठेवा. जुना पाइप गंजून आतून निम्मा झालेला असतो, बरेचदा दाब त्याच्यामुळेच कमी असतो. नवा पडल्यावर ओघ वाढला तर मोटरची गरजच राहत नाही. नाही वाढला तर हौदात पडणाऱ्या टोकाची उंची कमी करा, फूटभर खाली आणली तरी फरक पडतो. पण ते टोक हौदाच्या पाण्यात बुडता कामा नये, ओव्हरफ्लोच्या रेषेपासून चार बोटं वरच ठेवा.

हौद_धुणी

क्रम लक्षात ठेवा: पाइप, मग दोन दिवस पाणी सोडून देणं, मग हौद, मग वरची टाकी, मग घरातल्या नळ्या. शेवटचं लोक विसरतात. वरच्या टाकीत टीसीएलची निवळी घातल्यावर स्वयंपाकघर, बाथरूम, बेसिन, गच्चीवरचा नळ, प्रत्येक चावी औषधाचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून चार तास ठेवा. फिल्टर असेल तर तो आधी बंद करून पाणी त्याला वगळून न्या, तीव्र क्लोरीनने त्याचे पडदे खराब होतात. नंतर सगळं सोडून द्या. तुळशीला आणि कुंड्यांना ते पाणी घालू नका.

पाणी_तपासणी

प्यायला सुरुवात कधी, त्याचं उत्तर. सगळं झाल्यावर सलग तीन दिवस, पाणी सुटताच आणि हौदातून, क्लोरीन बघा. नळाला ०.२ च्या वर आणि शेजाऱ्यांच्या आकड्याशी जुळतं हवं. हौदात सुरुवातीला शून्य आलं तर त्यात थोडा घालावा लागेल: एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम टीसीएलची निवळी करा, हौदातल्या दर हजार लिटरला त्यातली २०० मिलीलीटर घाला, अर्ध्या तासाने मोजा. ०.२ ते ०.५ मधे आला की थांबा. नाही आला तर तेवढीच पुन्हा. ही निवळी गडद बाटलीत ठेवली तरी आठवड्यात कमजोर होते, ताजी करा.

मग प्रयोगशाळेत दोन नमुने, त्यांत चोवीस तासांचं अंतर. दोन्हींत ई-कोलाय शून्य आलं की घरातल्या बाकीच्यांनी उकळणं थांबवायला हरकत नाही. वहिनींनी बाळंतपण होईपर्यंत आणि मुलाने हा पावसाळा संपेपर्यंत उकळलेलंच प्यावं. शेजारच्या दोन्ही घरांनाही आत्ताच सांगा, त्यांचं पाणी आज चांगलं आहे, पण त्यांच्या जोडण्या त्याच गटारातून जात असतील आणि तुमच्याइतक्याच जुन्या असतील तर त्यांनाही हाच धोका आहे. चर एकदा खणलाच आहे तर तिघांनी एकाच दिवशी पाइप बदलून घ्या, रस्ता पुन्हा फोडायला लागणार नाही.